कडेवर मूल, पाटावर बाप्पा

भाद्रपदात तीन दिवस एकाला एक लागून येतात. तृतीयेला हरितालिका, चतुर्थीला गणपती, पंचमीला ऋषिपंचमी. पहिल्या दिवशी उपास, दुसऱ्या दिवशी साग्रसंगीत स्वयंपाक, तिसऱ्या दिवशी ऋषीची भाजी आणि दीड दिवसाचा गणपती असेल तर संध्याकाळी विसर्जन. घरात रांगणारं किंवा नुकतं पाऊल टाकायला लागलेलं मूल असलं की हे तीन दिवस आईच्या अंगावर अक्षरशः कोसळतात. त्यातून तिला देवापाशी दोन मिनिटं शांत बसायला मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आधी काय करून ठेवायचं, काय दुसऱ्याकडे सोपवायचं आणि काय यंदा सोडून द्यायचं, हे आठ दिवस आधी ठरलं तर ती दोन मिनिटं नक्की मिळतात.

आधी हरितालिका. बाळ अंगावर पीत असेल तर निर्जळी उपास करू नये. सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. ते पाणी आईच्याच शरीरातून येतं. दुपारपर्यंत डोकं गरगरायला लागलं, लघवी गडद पिवळी झाली, तर व्रत तिथेच थांबवून पाणी प्यावं. गरोदर, बाळंतीण, आजारी, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांना उपासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. वाळूचं शिवलिंग करून पूजा करावी, कहाणी ऐकावी आणि दर दोन-अडीच तासांनी दूध, शहाळं, फळं, राजगिऱ्याची लापशी असं काही पोटात जाऊ द्यावं. सासूबाई किंवा आई आग्रह धरत असतील, तर डॉक्टरांनी सांगितलंय असं म्हणण्यापेक्षा "आई, यंदा मी फलाहारावर करते, पुढच्या वर्षी बघू" एवढं सांगितलेलं बरं. बहुतेक घरात ते ऐकलं जातं, कारण त्या स्वतःही कधीतरी यातून गेलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट घराघरात कुजबुजत बोलली जाते, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिते. सणात पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेतल्या जातात, आणि त्या कित्येकदा मैत्रिणीच्या सांगण्यावरून थेट औषधाच्या दुकानातून आणलेल्या असतात. ही हार्मोनची गोळी आहे. रक्ताच्या गुठळीचा किंवा यकृताचा त्रास झालेला असेल, अर्धशिशी असेल, मूल अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये. माझं मत विचाराल तर, सणासाठी घेऊच नये. त्या दिवशी मोदक घरातल्या दुसऱ्या कुणी वळावेत किंवा विकत आणावेत. बाप्पाचं काही अडत नाही.

आता चतुर्थी. या दिवशी पूजेला मध्यान्हकाळ महत्त्वाचा, म्हणजे साधारण अकरा ते दीड. लहान मुलाची जेवायची आणि झोपायची वेळही नेमकी हीच असते. साडेबाराला आरती सुरू होते, मूल भुकेनं आणि झोपेनं रडायला लागतं आणि आई त्याला घेऊन आतल्या खोलीत जाते. आरती तिच्या कानावर दाराआडून येते. हे टाळता येतं. गणपतीची प्राणप्रतिष्ठा अगदी सकाळीही करता येते, त्यासाठी मुहूर्ताची वाट बघावी लागत नाही, असं पंचांगकर्तेही दरवर्षी सांगतात. मूल साडेआठ-नऊला ताजंतवानं असतं, तेव्हा पूजा आणि पहिली आरती करून घ्यावी. नैवेद्य दुपारी स्वयंपाक झाला की दाखवावा. सकाळी दूध-साखर, गूळ-खोबरं पुरतं.

पूजा किती मोठी करायची, हाही प्रश्न येतोच. षोडशोपचार म्हणजे सोळा उपचार, पोथी समोर ठेवून तासभर लागतो. पंचोपचार म्हणजे गंध, फूल, धूप, दीप आणि नैवेद्य, पंधरा-वीस मिनिटांत होते. मूल दोन वर्षांच्या आत असेल तर पंचोपचार पूजा, २१ दूर्वांची जुडी आणि एक लाल जास्वंद एवढं मनापासून करावं. मांडीवर मूल घेऊन केलेली पूजाही पूर्ण पूजाच असते. त्याच्या मुठीत दोन अक्षता द्याव्यात. त्यातली एक तोंडात जाईल, एक बाप्पावर पडेल.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, नैवेद्याआधी मुलाचं खाणं. काही घरांत देवाला दाखवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही अशी शिस्त असते. मोठ्यांसाठी ती ठीक. दोन-तीन वर्षांच्या मुलाला दीड वाजेपर्यंत वाट बघायला लावणं मला पटत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. सकाळी कुकर लावताना मुलाचा मूगडाळ-तांदूळ वेगळ्या छोट्या भांड्यात, वरच्या डब्यात लावायचा. तो मुळातच नैवेद्याचा नाही, त्यामुळे उष्ट्या-खरकट्याचा प्रश्नच येत नाही. अकराला तूप-मीठ घालून मऊ भात भरवला की मूल बाराला झोपतं आणि पुढचा दीड तास स्वयंपाकघर तुमचं.

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून मीठ नेहमी मोजून घालावं. एक वाटी तुरीच्या डाळीच्या साध्या वरणाला सपाट एक चहाचा चमचा मीठ पुरतं. अर्धा किलो बटाट्याच्या भाजीलाही तेवढंच. कमी पडलं तर ताटात वर वाढलेलं मीठ असतंच, जास्त झालं तर मात्र हाती काही राहत नाही.

मोदकांवर जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यांची छाती तिथेच दडपते. २१ मोदकांना अडीच वाट्या तांदळाची पिठी घ्या. मध्यम वाटीचे वाटीला नऊ-दहा मोदक होतात, उरलेल्या उकडीच्या, म्हणजे वाफवून मळलेल्या पिठीच्या, निवगऱ्या (जिरं-मिरची घातलेल्या चपट्या वाफवलेल्या वड्या) करता येतात. सारणाला एका मोठ्या नारळाचा चव, म्हणजे खवलेलं ओलं खोबरं लागतं, साधारण दोन ते सव्वादोन वाट्या. दुसरा नारळ घरात असू द्या, कारण पहिला खवट निघण्याचा दिवस नेमका हाच असतो. दोन वाट्या चवाला एक वाटी चिरलेला गूळ. गूळ साधा घ्या, चिकीचा नको. चिकीच्या गुळाचं सारण गार झालं की कडक होतं आणि पारी, म्हणजे मोदकाचं बाहेरचं आवरण, फाडतं. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परतायचं. गूळ विरघळून पाणी सुटतं, मग ते आटत येतं. सारण कढईच्या कडा सोडून गोळ्यासारखं फिरायला लागलं की लगेच उतरवायचं. वेलची, जायफळ, चमचाभर भाजलेली खसखस. हे सारण आदल्या रात्री मूल झोपल्यावर करावं आणि गार झालं की झाकून फ्रीजमध्ये ठेवावं. सकाळी तासभर आधी बाहेर काढावं. बाहेर ओट्यावर रात्रभर ठेवू नये, पावसाळी दमट हवेत ओलं खोबरं आंबतं.

उकड मात्र त्याच दिवशी काढायची. शिळी उकड कोरडी पडते आणि कितीही मळली तरी चिरते. अडीच वाट्या पिठीला अडीच वाट्या पाणी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तूप. पिठी जुन्या तांदळाची असेल तर पाणी दोन-तीन चमचे जास्त. पाण्याला खळखळून उकळी आली की आच कमी करून पिठी एकदम घालायची आणि उलथन्याच्या दांड्यानं भराभर ढवळायचं. इथे हात थांबला की गुठळ्या झाल्या. झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ, मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं तसंच झाकून ठेवायचं. नंतर परातीत काढून, हाताला तेल-पाणी लावत, गरम असतानाच मळायची. हात पोळत असतील तर वाटीच्या बुडानं रगडून घ्या. उकड लोण्यासारखी मऊ आणि गोळा वळल्यावर बिनभेगेची झाली पाहिजे. एका वेळी एका मोदकापुरता गोळा काढायचा, बाकी उकड ओल्या फडक्याखाली.

बिघडतं ते साधारण असं. पारी करताना कडा चिरतात, म्हणजे उकड कोरडी आहे किंवा मळणं कमी पडलं. कोमट पाण्याचा हात घेऊन पुन्हा पाच मिनिटं मळा. पारी ताणली की तुटते आणि पीठ कच्चट लागतं, म्हणजे वाफ पुरेशी बसलेली नाही. त्या उकडीचे दोन-तीन चपटे गोळे करून चाळणीवर पाच मिनिटं वाफवा आणि पुन्हा मळा, हमखास सुधारते. सारण पातळ राहिलं तर मोदक खालून फुटतो. ते पुन्हा दोन मिनिटं आटवा किंवा त्यात चमचाभर कोरडी भाजलेली पिठी मिसळा. सारण दगड झालं तर दोन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर मोकळं करा. मोदक पात्रात ठेवण्याआधी पाण्यात बुडवून काढले की वरून तडकत नाहीत. खाली हळदीचं पान, नसेल तर केळीचं. पाणी आधी उकळलेलं असावं आणि चाळणीला टेकू नये. दहा-बारा मिनिटं पुरे. त्याहून जास्त वेळ ठेवले तर बसतात आणि कळ्या पुसट होतात.

हातानं कळ्या पाडलेला एक मोदक चार मिनिटं घेतो, २१ मोदकांना जवळपास दीड तास. तेवढा वेळ मूल शांत राहणार नाही. अशा वर्षी साचा वापरावा, यात कमीपणा काही नाही. साच्याला आतून तूप लावायचं, उकड कडेनं दाबायची, मधे सारण, खालून उकडीचं झाकण. अर्ध्या तासात २१ होतात. नैवेद्याच्या पानावरचे पाच मोदक हातानं वळले तरी मनाला समाधान मिळतं.

मोदक ओट्यापाशी उभं राहून न करता खाली वर्तमानपत्र पसरून बसून करावेत. मूल गॅसपासून लांब राहतं, मोदकपात्र उघडतानाच्या वाफेपासूनही. ती वाफ उकळत्या पाण्याइतकीच भाजते. दीड वर्षावरच्या मुलाला तेल लावलेला उकडीचा गोळा हातात द्यावा. तो त्याचा उंदीर करतो, उंदराला शेपूट चिकटवतो आणि अर्धा उंदीर खाऊनही टाकतो. उकड शिजलेली असते, त्यामुळे काळजी नाही. त्याच्या निवगऱ्यांत मिरची घालू नका, जिरं-मीठ पुरे. तो उंदीरही मोदकांबरोबर वाफवून बाप्पासमोर ठेवा. पाहुण्यांना तो आधी दाखवला जातो, मोदक नंतर.

वर्षाच्या आतल्या बाळाला तीर्थ म्हणून पंचामृत देऊ नये. त्यात मध असतो आणि मधातल्या जिवाणूंमुळे इतक्या लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, अगदी बोटाला लावूनही नको. आजी प्रेमानं चाटवायला जाते, तेव्हा हे तिला आधीच, चारचौघांत नव्हे, सांगून ठेवावं. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात शेंगदाणे, फुटाणे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, अख्खी खडीसाखर देऊ नये, श्वासनलिकेत अडकतात.

कापूर हा सगळ्यांत मोठा धोका. वड्या बत्ताशासारख्या पांढऱ्या दिसतात आणि अगदी थोडा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. डबी आरतीच्या ताटात न ठेवता उंच कपाटात ठेवा. मुलानं खाल्लाच तर उलटी काढायला जाऊ नका, लगेच दवाखाना गाठा. सजावटीतल्या बॅटरीच्या पणत्यांमध्ये बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजते. खालचं झाकण स्क्रूचं नसेल तर चिकटपट्टीनं गुंडाळून टाका. आणि पत्री. गणपतीच्या २१ पत्रींत धोत्रा, रुई आणि कण्हेर येतात. तिन्ही विषारी, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा दुखावतो. पत्री वाहायची असेल तर जरूर वाहा, पण जुडी बाजारातून आणल्यापासून निर्माल्यात जाईपर्यंत मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मखर कमरेच्या उंचीच्या भक्कम टेबलावर असावं आणि टेबलावरून कापड खाली लोंबू देऊ नये. मूल ते ओढतंच, आणि शाडूची मूर्ती पडली की सांधता येत नाही.

मूर्ती आणताना किंवा उचलताना हाताला, सोंडेला धरायचं नाही, खालच्या पाटासकट धरायचं. घरात लहान मूल असेल तर सहा ते आठ इंचांची मूर्ती पुरे. ती बादलीत विसर्जित करता येते, याचा उपयोग पुढे सांगते.

येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी दिवसभर गॅसपाशी उभं राहायची गरज नाही. खिरापत चार दिवस आधी करून ठेवता येते. दोन वाट्या किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर बदामी भाजायचं, पाव वाटी खसखस भाजून, अर्धी वाटी खारकेची पूड, अर्धी वाटी कुटलेली खडीसाखर, पाव वाटी खिसमिस, वेलची. सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिसळायचं, नाहीतर खडीसाखरेला पाणी सुटतं आणि गोळे होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर छान राहते. चहाचं काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, आणि पूर्ण द्या. दूध किती आणायचं, कप कुठे आहेत, साखर संपली का, हे सगळं त्याच्याच डोक्यात राहू द्या. नवऱ्यानं "सांग, काय करू" असं विचारत उभं राहणं म्हणजे आईच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहणं. पूजेचं साहित्य, फुलं, दूर्वा, आरतीचं ताट हा एक अख्खा विभाग त्याचा. आठ दिवस आधी वाती, कापसाची वस्त्रं, घासलेली समई, जानवं, विड्याची पानं आणायचा दिवस, सगळं त्यानंच बघायचं.

घरात कुणी गरोदर असलं की विसर्जन करायचं नाही, बाळंतपण होईपर्यंत मूर्ती तशीच ठेवायची, असा समज बऱ्याच ठिकाणी आहे. याला शास्त्राचा आधार नसल्याचं पंचांगकर्ते वारंवार सांगतात. नेहमीसारखं विसर्जन करावं. मूर्ती ठेवून घेतली की रोजची पूजा-नैवेद्यही आला, आणि तो शेवटी त्या गरोदर बाईच्याच अंगावर येतो. सुवेर असेल त्या वर्षी गणपती राहिला, तरी पुढच्या वर्षी पुन्हा बसवता येतो. मनात भीती धरू नये.

ऋषिपंचमीची भाजी ही मला या तीन दिवसांतली सगळ्यात दयाळू गोष्ट वाटते. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून अळू, लाल माठ, लाल भोपळा, सुरण, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, सगळं एकाच पातेल्यात. फोडणी नाही, मसाले नाहीत. थोडं पाणी, मीठ, ओलं खोबरं, मोठ्यांसाठी हिरवी मिरची. अळू आणि सुरण कच्चे राहिले तर घसा खाजतो, म्हणून ते आधी टाकून पूर्ण मऊ करायचे आणि चिंचेचा कोळ विसरायचा नाही. मिरची घालण्याआधी मुलाची वाटी बाजूला काढून भोपळा कुस्करून द्या. आदल्या दिवशीच्या गोडानंतर मूल हे आवडीनं खातं आणि भांडी पडतात मोजून तीन.

संध्याकाळी विसर्जन. तीन ते पाच वर्षांची मुलं इथे हमसून रडतात, कारण दीड दिवसात बाप्पा त्यांचा झालेला असतो. "बाप्पाला पोहता येतं का?" "त्याला थंडी वाजेल ना?" हे प्रश्न त्यांना खरेच पडलेले असतात. हसण्यावारी नेऊ नये. सकाळपासूनच सांगत राहावं, आज बाप्पा त्याच्या आईकडे जाणार, शिदोरीला दही-पोहे आपण बांधायचे. दह्यात पोहे कालवायचं काम मुलालाच द्यावं. घाटावरच्या गर्दीत आणि ढोलांच्या आवाजात तान्हं बाळ नेऊ नये, इतका आवाज त्याच्या कानांना सोसत नाही. घरी मोठ्या बादलीत, मूर्ती पूर्ण बुडेल इतकं पाणी घेऊन विसर्जन करावं. हार, फुलं, वस्त्र आधी काढून घ्यावं. लहान शाडूची मूर्ती रात्रभरात, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत विरघळते. तोवर बादली न्हाणीघरात दार लावून ठेवा. थोड्या पाण्याच्या बादलीपाशीही रांगतं मूल एकटं सोडायचं नसतं.

पाणी कुंड्यांना घाला. खाली बसलेला गाळ नुसता कुंडीत टाकला तर वाळून सिमेंटसारखा घट्ट होतो, म्हणून एक भाग शाडूला तीन भाग बागेतली माती आणि मूठभर शेणखत मिसळा. गाळातली चिमूटभर माती रिकाम्या पाटावर ठेवून आरती करायची आणि वाटली डाळ वाटायची. उरलेल्या मातीत जास्वंदीची फांदी खोचून, ती कुंडी मुलाच्या उंचीला येईल अशी ठेवा आणि रोजचं पाणी त्याला घालू द्या.